उशीखालचं गाठोडं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला होते, तरी वॉर्डात पेशंट हाक मारायचे ते माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला. ती शहरातल्याच गंगापूर रोडवरच्या एका क्लार्कची मुलगी. मी चांदवडजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात शाळेपुढे शिकलेली मीच पहिली. तिला हाडांची नावं पाठ होत नसत, ती मी करून घ्यायचे. माणसांशी कसं वागायचं हे तिला कोणी शिकवलं होतं, कुणास ठाऊक.

बायकांच्या वॉर्डात वणीकडची एक म्हातारी होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. बोलणं थेट माझ्या आजीसारखं. मी मात्र तिच्याशी जपून, शहरातल्यासारखं बोलायचे. तिच्या उशीखाली एक मळकं गाठोडं असे. चादर बदलताना मी ते उचलून लॉकरमध्ये ठेवायचे, कारण खाट नीटनेटकी दिसली पाहिजे असं आम्हाला शिकवलं होतं. मग ती अंग ताठ करून पडून राहायची. मैत्रीण आधी गाठोडं तिच्या हातात द्यायची आणि मग चादरीला हात लावायची. तिच्यासाठी म्हातारी आपण होऊन कुशीवर वळायची. मला ते बघवत नसे. आमच्याकडची म्हातारी, आणि तीसुद्धा हिचीच?

प्रात्यक्षिक परीक्षेत नेमकी तीच खाट माझ्या वाट्याला आली. पेशंटला न उठवता चादर बदलायची होती. नापास झाले असते तर वडील घरी घेऊन जाणार होते. लग्नाचं बोलणं सुरूच होतं. परीक्षक बाई पायथ्याशी उभ्या राहिल्या. म्हातारीने मला पाहिलं आणि उशी घट्ट धरली. मी दोनदा वळायला सांगितलं. ती हलली नाही.

काय करायचं ते मला ठाऊक होतं, आणि मैत्रिणीचं म्हणून नेमकं तेच मला करायचं नव्हतं. शेवटी गाठोडं काढून तिच्या हातात दिलं.

"धर आजी, तुझ्यापाशीच राहू दे."

ती वळली. चादर बसली, कोपरेही नीट बसले.

हे कसं सुचलं, असं परीक्षक बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत म्हातारीच बोलली, "त्या दुसऱ्या पोरीनं शिकवलं आसंल हिला. ती लय गुणाची हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का?"

"हो," मी म्हटलं.

मी पास झाले. मैत्रीण व्हरांड्यात थांबली होती. निकाल ऐकून तिने माझे दोन्ही हात धरले. तिला झालेला आनंद खरा होता, एवढं मलाही कळत होतं, आणि तोही मला सोसवेना. डोकं दुखतंय म्हणून मी एकटीच होस्टेलकडे निघाले, तर ती पिशवीत बाम शोधायला लागली.