डोंगर, धबधबा, नरक : साइज सहा बाय चार

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण फ्रेमच्या वर्कशॉपमध्ये लाकडाचे उरलेले तुकडे कोपऱ्यात साठत जातात ना, तसे किस्से साठतात. फेकवत नाहीत!

आमचं वर्कशॉप शारजा औद्योगिक क्षेत्रात होतं. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या, गाजलेल्या चित्रांच्या कॅनव्हास प्रिंट आम्ही लाकडी चौकटींवर ताणून हॉटेलांना आणि व्हिलांना द्यायचो. कारागीर दोघंच, रत्नागिरीचे नाझिरचाचा आणि मी. ऑर्डरी आणायचे पुण्याचे कुलकर्णीसाहेब. चित्रांतलं कळायचं फक्त त्यांना.

*

पहिल्याच महिन्यात डोंगराचं चित्र आलं. उंच कडे, दरीत धुकं, आणि अगदी कडेला काठी टेकून उभा बोटभर माणूस. कॅनव्हासच्या कडा चौकटीमागे दुमडतात. मी जरा जास्तच दुमडल्या.

साहेब चित्राला नाक लावून शोधत राहिले. "अरे, माणूस कुठाय?"

"मागे आहे, साहेब. पिना मारल्यात त्याला."

चाचा म्हणाले, "राहू दे आता. थंडी तरी कमी लागेल!"

*

एका सीफूड रेस्टॉरंटला होडीचं चित्र हवं होतं. साहेब सुट्टीवर, म्हणून आम्हीच निवडलं. काळं पाणी, झग्यातला नावाडी, दाटीवाटीने बसलेली माणसं.

साहेब परत आले आणि कपाळाला हात लावला. "चाचा, हा मेलेल्यांना पाताळात नेणारा नावाडी आहे! लोक त्याच्याखाली बसून कोळंबी खाणार?"

चाचांच्या घरची होडी खाडीत असायची. ते म्हणाले, "ते असो. पण वल्हं असं धरलं तर निम्म्या वाटेत बुडवील सगळ्यांना."

"अहो, ते आधीच मेलेत!"

शुक्रवार होता, शाळेला सुट्टी, म्हणून साहेबांची छोटी मुलगी सोबत आली होती. ती बराच वेळ चित्र बघत होती. "बाबा, व्हेअर आर देअर लाइफ जॅकेट्स?"

"बघा!" चाचा म्हणाले. "पोरीला समजलं."

*

एका म्हाताऱ्या अरबाच्या व्हिलात आम्ही अमेरिकेतल्या रानाचं चित्र लावलं. दाट झाडी, मोठा धबधबा, माणूस एकही नाही. म्हातारा कितीतरी वेळ बघत राहिला. मग चाचांना हळूच हिंदीत म्हणाला, "इतना पानी, और आदमी कोई नहीं? हबीबी, इधर कुछ प्रॉब्लेम है."

*

फ्लॅट विकणाऱ्या एका एजंटने तीन तुकड्यांचं चित्र मागवलं. स्वर्ग, पृथ्वी, नरक. नरक उघडून बघितला आणि परत केला. "मैं फ्लॅट बेचता हूँ, ये नहीं!"

तो तुकडा आमच्याकडे भिंतीला टेकून राहिला. मग २००८ची मंदी आली. क्रेन थांबल्या, ऑफिसं रिकामी झाली. एक दिवस त्याचा फोन आला. "वो तीसरा पीस है क्या? भेज दो. सेट पूरा करते हैं."

*

मंदीने आम्हालाही सोडलं नाही. अरबाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, "एक आदमी बस है." एकाचा व्हिसा कॅन्सल होणार होता. मोठा कॅनव्हास ताणायला दोघं लागतात, समोरासमोर उभं राहून ओढावं लागतं, हे चाचांनी सांगून बघितलं. "बड़ा ऑर्डर किधर है अब? खलास."

मी जातो म्हणावं, असं मी दोन दिवस मनात घोकत होतो. अरबाबसमोर तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी कळलं, चाचांनी स्वतःचं नाव देऊन टाकलं होतं.

शेवटचं चित्र दोघांनी मिळून ताणलं. पाताळातून बायकोला हाताला धरून वर आणणारा गवई. साहेबांनी गोष्ट सांगितली : वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, ही अट. त्याने बघितलं आणि ती गेली.

"मूर्ख!" चाचा म्हणाले. "एवढं साधं जमलं नाही?"

एअरपोर्टवर मी आणि साहेब सोडायला गेलो. चाचा आत शिरले आणि वळले. "गोंदाचं झाकण लावत जा!" चार पावलं गेले, परत वळले. "पिना तिरक्या मारू नको!" पुन्हा वळले. "जेवत जा रे वेळेवर!" पोलीस पुढे व्हायची खूण करत म्हणाला, "यल्ला, यल्ला." चाचा चौथ्यांदा वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं, टेबलावर सहा फुटी कॅनव्हास पसरला, माझ्या बाजूला पक्कड लावली आणि म्हणालो, "हं चाचा, ओढा."