झेंडी न लावता काढलेला ड्रायव्हर

बरकतपुऱ्याचा चौक ओलांडेपर्यंत दीक्षाने तोंड उघडलं नव्हतं. विद्यानगरहून निघाल्यापासून ती आपली दोन पावलं पुढे, पाठीला काळी बॅग, नजर रस्त्यावर. मागून सत्यवतीबाई, एका हातात पदराचं टोक आणि दुसऱ्या हातात ट्रस्टच्या ऑफिसच्या किल्ल्या. गणपती विसर्जनाचा दिवस होता. बस बंद, ऑटो बंद. नल्लकुंट्याला एका ऑटोवाल्याला हात केला, तर तो गाडीत आडवा पडल्या पडल्याच म्हणाला, "आगे पूरा बंद है अम्मा. पैदल जाव."

"हळू चाल गं," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मशीन काय पळून जाणार आहे का?"

"मशीन नाही पळत मावशी. माझं काम पळेल."

एवढंच बोलली आणि पुन्हा झपाझप चालू लागली. सत्यवतीबाईंनी मागून पाय उचलले. ही मुलगी कशाला घाबरते ते त्यांना माहीत होतं.

सुलतान बाजारात मराठी मंडळींचा एक ट्रस्ट आहे. नांदेड-परभणीकडून दवाखान्यासाठी हैदराबादला येणाऱ्या माणसांना तिथे राहायला खोली मिळते. तिथलं ऑफिस सत्यवतीबाई सांभाळतात. कोणाला कोणती खोली, हे सगळं एका जुन्या युनिक्स मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर असतं, आणि खोली ठरली की मशीनच त्या माणसाच्या मोबाइलवर निरोप धाडतं. निरोप आल्याशिवाय तिकडची माणसं गाडीत बसत नाहीत. आजारी माणूस घेऊन परक्या गावात उघड्यावर कोण बसणार?

हे मशीन दीक्षा बघते. सत्यवतीबाईंनीच तिला आणलं. विद्यानगरात दोघींची घरं एकाच गल्लीत. कमिटीत तिचं नाव निघालं तेव्हा एक सभासद म्हणाले होते, "आपल्यातलं कुणी मिळालं नाही का?" सत्यवतीबाईंनी तिथल्या तिथे विचारलं होतं, "मशीनला जात लागते का हो?" सगळे हसले आणि दीक्षाला काम मिळालं. पण ते वाक्य खोलीत राहिलं ते राहिलंच. मध्यंतरी विजेच्या झटक्याने मशीन दोनदा बंद पडलं. त्यात तिचा काही दोष नव्हता, तरी मागच्या बैठकीत सेक्रेटरी किशोररावांनी बजावलं, आता पुन्हा बंद पडलं तर काम कंपनीला देऊन टाकू.

आणि आज ते दीक्षाच्याच हाताने बंद पडलं होतं.

काचीगुड्याच्या अलीकडे एका मंडळाने रस्त्यातच टेबल मांडून पाणी ठेवलं होतं. पुढे ट्रकवर गणपती, मागे तीनमारच्या ठेक्यावर नाचणारी पोरं, गुलालाने सगळे एकाच रंगाचे. सत्यवतीबाईंनी चप्पल बाजूला काढून हात जोडले. दीक्षा दोन ग्लास घेऊन उभी राहिली.

"काय मागितलं?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठीच मागितलं. पण काय मागायचं तेच नीट कळेना. तुझं नेमकं काय बिघडलंय ते सांग, म्हणजे परत मागते."

दीक्षाला हसू फुटलं. निघाल्यापासून पहिल्यांदा.

"मशीनमध्ये एक कार्ड असतं, नेटवर्क कार्ड. बाहेरचं सगळं येणं-जाणं त्यातून. विजेने जुनं कार्ड जळालं म्हणून मी नवं बसवलं, आठवतं? पण कार्ड नुसतं बसवून चालत नाही, त्याला चालवणारा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सिस्टीमने आपल्या मनाने जो ड्रायव्हर लावला तो या कार्डाला नीट बसत नव्हता. निरोप जास्त झाले की लाइन तुटायची. म्हणून कार्डवाल्यांचा खरा ड्रायव्हर लावायचा होता. जुना काढायचा, नवा घालायचा. दोन ओळींचं काम."

"म्हणजे दारावरचा वॉचमन बदलायचा."

"हौ, तसंच. आता बघा, मी घरी बसून हे करत होते. म्हणजे त्याच दारातून हात घालून. आणि पहिली ओळ टाकली, जुन्या वॉचमनला घरी पाठवलं. दार बंद! नवा आत उभाच आहे, पण त्याला 'ये' म्हणायला मी आत कुठे आहे? मी विद्यानगरला."

सत्यवतीबाईंनी डोळे मिटून ते चित्र पाहिलं. मग त्याही हसल्या. "अगं बाई! स्वतःच बाहेर राहिलीस?"

"स्वतःच. मशीनसमोर बसून शंभरदा केलंय मी हे. आज आईच्या बाजूला बसले होते, चहा पीत. हात आपोआप चालले. वाटलं, मशीनसमोरच आहे."

"मग मी एकटी गेले असते की. बटण बंद करून चालू केलं असतं तर जुना वॉचमन परत आला नसता?"

"आला असता. पण आज पन्नास घरांना निरोप जायचेत, परवा सगळे दवाखाने उघडतात. तो जुना मध्येच मान टाकतो. आणि," तिने रिकामा ग्लास टेबलावर ठेवला, "तुम्ही एकट्या या गर्दीतून? आई मला घरात घेईल का?"

पुन्हा चालू लागल्या. काचीगुडा स्टेशनाची भिंत लागली तशी दीक्षाची चाल आपसूक मंदावली. तिच्या वडिलांची सगळी उमर या रुळांवर गेली. निवृत्ती मुखेडकडचे. रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि इथलेच झाले. आई मालनबाई एका शाळेत आया होत्या. तेलुगू शाळा, मग पॉलिटेक्निक, असं करत दोघांनी लेकीला शिकवलं. निवृत्ती गेल्या वर्षी गेले. सत्यवतीबाईंना ते आठवतात ते कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, पौर्णिमेला बुद्धवंदनेला निघालेले.

"बाबांचा एक नेम होता," दीक्षा भिंतीकडे बघत म्हणाली. "रूळ उघडायचा असला की आधी दोन्हीकडे लांबवर लाल झेंडी लावायची. मग पान्याला हात. कितीही छोटं काम असो. लोक हसायचे, 'निवृत्ती, एक बोल्ट तर आवळायचाय.' ते म्हणायचे, आधी झेंडी."

"तुमच्या कामात कुठली आलीय झेंडी?"

"आहे ना मावशी! लांबून दाराला हात लावायचा असला की आधी मशीनला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही तर तुझं तू जुना ड्रायव्हर परत घाल. मग चूक झाली तरी दार आपोआप उघडतं. मी नेहमी सांगून ठेवते. माझ्याकडे पोरं हे काम शिकायला येतात, त्यांना हेच पहिलं शिकवते. बाबांचं नाव घेऊन शिकवते." तिचा आवाज बारीक झाला. "आज नाही लावली."

कोठीच्या बाजूने गर्दी वाढली. ढोलांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून सत्यवतीबाईंनी तिचा दंड धरला आणि कानाजवळ तोंड नेलं. बराच वेळ मनात घोळत होतं ते बोलून टाकलं.

"हे बघ. कुणी विचारलं तर मी सांगते लाइट गेली होती. एवढ्या मिरवणुकीत कुणाची लाइट जात नाही?"

दीक्षाने वळून पाहिलं. "तुम्ही? सकाळी पोथी वाचून?"

"पोथीचं मी बघते. देवाला माझं मी सांगेन."

"काय सांगाल?"

"सांगेन, पोर गुणाची आहे आणि ती माणसं टपलेली आहेत. त्याला दिसतंय की सगळं."

दीक्षा गर्दीतून वाट काढत राहिली. नको म्हणाली नाही. सत्यवतीबाईंनी त्याचा अर्थ हो असाच घेतला आणि मनातल्या मनात माहूरच्या रेणुकेची क्षमा मागून ठेवली.

ऑफिसचं कुलूप उघडलं. आत मशीन नेहमीसारखं घुरघुरत होतं, जणू काही झालंच नाही. फक्त मागच्या कार्डावरचा दिवा विझलेला. दीक्षाने बॅग ठेवली, मॉनिटरचा पडदा चालू केला, कीबोर्ड ओढला आणि नवा ड्रायव्हर घालायची ओळ टाकली. मशीनने साफ नाही म्हटलं.

"आता काय?"

"गेल्या आठवड्यात सिस्टीम नवी केली होती. हा ड्रायव्हर त्याआधी बनवलेला. माप जुनं, अंग नवं. परत शिवावा लागेल."

मग पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. दीक्षा त्यांच्याकडे अशी बघत बसली होती जशी एखादी बाई दूध उतू जाईल म्हणून बघते. सत्यवतीबाई खुर्चीत बसून जप करत होत्या. बाहेरून "गणपती बाप्पा मोरया" आलं की त्या जपातच "मोरया" म्हणायच्या. शेवटी ओळी थांबल्या. दीक्षाने पुन्हा सांगितलं, आणि या खेपेला मशीनने मुकाट ऐकलं. कार्डावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला, मग फडफडत राहिला.

"आला गं!"

"थांबा. अजून दृष्ट लावू नका." मशीन बंद होऊन चालू झालं तरी हाच ड्रायव्हर आपोआप यावा आणि जुन्याने मध्ये यायचं नाही, असं तिने लिहून ठेवलं. मशीन बंद करून चालू करून पाहिलं. दिवा परत आला. मग तिने बॅगेतून लॅपटॉप काढला, मोबाइलवरून, म्हणजे बाहेरूनच, मशीनला जोडून घेतलं आणि काहीतरी टाइप केलं.

"आता हे काय? समोर तर बसलीस."

"झेंडी लावते. मग एकदा बाहेरून काढून-घालून बघते."

"आता कशाला?"

"आजची राहिली होती ना."

अडकलेले निरोप सुटायला लागले. थोड्या वेळाने सत्यवतीबाईंचा फोन वाजला. किशोरराव होते. दीक्षालाही ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला.

"काय हो सत्यवतीबाई, परभणीहून एकांचा फोन आला होता, दुपारपासून निरोप नाही म्हणून. आत्ता आला म्हणे. लाइट गेली होती का?"

शब्द त्यांनीच हातात आणून दिला होता. नुसतं हो म्हणायचं. सत्यवतीबाईंनी तोंड उघडलंही होतं, पण दीक्षाने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"सर, दीक्षा बोलते. लाइट नव्हती गेली. मी घरून ड्रायव्हर बदलत होते, तेव्हा माझ्या चुकीने मशीन बंद झालं. आता चालू आहे. सगळे निरोप जातायत."

 किशोरराव म्हणाले, "असं. मग लेखी द्या. मराठीतून. रविवारी कमिटीपुढे ठेवतो, ते काय ते ठरवतील." आणि फोन ठेवला.

सत्यवतीबाई चिडल्याच. "अगं, तो आयता देत होता! तुझं काय गेलं असतं?"

"बाबांची एकदा झेंडी पडली होती मावशी," दीक्षा लॅपटॉप मिटत म्हणाली. "मालगाडी अगदी जवळ येऊन थांबली. सगळे म्हणाले, वाऱ्याने पडली सांग. बाबांनी साहेबाला सांगितलं, मीच नीट रोवली नव्हती. बढती राहिली त्यांची. पुढे त्याचं काही बक्षीस-बिक्षीस नाही मिळालं. पण त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले. मला आठवतं, कारण आई जेवली नव्हती."

 सत्यवतीबाईंनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले. दीक्षाने त्यातलाच एक कोरा कागद ओढून त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"मला मराठी अडखळत वाचता येतं. लिहायला घेतलं की हातच चालत नाही. तेलुगूत दिलं तर म्हणतील, बघा, हिला मराठीही येत नाही. तुम्ही लिहा. सही मी करते."

"लिहिते की. असं लिहिते की एकाची हिंमत..."

"नको. मला वाचवायला लिहू नका. त्यांना कळतं ते. झालं तसं लिहा, साधं, तुम्ही बोलता तसं. कुठून चालत आलो तेही लिहा. आणि मावशी," ती पेनाचं टोपण काढून त्यांच्या हातात देत म्हणाली, "बाबांची झेंडी घाला त्यात. त्यांचं नाव पूर्ण लिहा. त्या कमिटीच्या कागदावर एकदा यायला पाहिजे ते."