मधमाश्यांचा उजवा कौल

निवृत्तीनंतर बाबांनी दोडामार्गच्या आमच्या काजूबागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. मग घाटावरच्या ओळखीतून आणखी दोन पेट्या आणल्या, आणि आमच्या माश्यांची त्या माश्यांशी सोयरीक जुळली. एके सकाळी बाबांना पेटीपुढे एक माशी रांगताना दिसली. तिचा डावा पंख आखूड होता.

"भेसळ झाली. आता पोरां वाकडीच येतली," बाबा म्हणाले. "सोमवारी कौल घेतंय. देवान नाय म्हटल्यान, तर सगळा मोडून टाकतंय."

देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार. मी हसले असते, पण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मीच सांगते, की संकरात कधीकधी शरीर घडवणाऱ्या सूचनांचा मेळ बिघडतो आणि डावी-उजवी बाजू सारखी येत नाही. त्यातला 'कधीकधी' मुलं लिहूनच घेत नाहीत. आता मलाही त्याचा आधार वाटेना.

पेट्यांपुढच्या मेलेल्या माश्या वेचून मी कॉलेजात नेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पंख मोजले. प्रत्येकीचा उजवा लांब. बाबांचा जीव त्या पेट्यांत होता. त्या दुपारी मी डबाही उघडला नाही.

मग लहानपणचं आठवलं. आमच्या देवळात एकदा सगळ्यांचेच कौल उजवे पडायला लागले. लोक खूश. गुरव मात्र म्हणाला, "देव इतको भोळो नाय." वर पाहिलं, तर उजव्या अंगावर छप्पर गळत होतं.

घडणीतला गोंधळ एकच बाजू धरून बसत नाही. तो कधी इकडे, कधी तिकडे जातो. सगळेच उजवे, म्हणजे खोट माझ्या मांडणीत. डावे पंख काचेखाली तिरपे बसत होते, म्हणून आखूड दिसत. सपाट करून पुन्हा मोजले. शेजारच्या गावठी माश्यांइतकेच ते सारखे निघाले. रांगणारी ती माशी नुसती म्हातारी होती, पंख झिजलेला. मी खुर्चीत बसून एकटीच हसले. इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी सगळं सांगितलं.

"म्हणजे पोरां बरी आसत?" बाबांनी विचारलं.

"अगदी सरळ."

आई कोल्हापूरची. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी घाटावरनं आले, तेव्हाही तुमच्या घरच्यांनी कौलच लावला होता."

बाबांनी मला दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळलं.

"उजवो पडललो," ते म्हणाले. "आणि तेवा छप्पर नवा होता."