नानांचे चार पडदे

स्वतःसाठी नानांनी कधी एक चप्पलसुद्धा पारखून घेतली नाही. पण दुसऱ्यासाठी वस्तू घ्यायची म्हटली की दुकानदाराला अगदी मेटाकुटीला आणत. "वस्तू घेताना घेनाऱ्याचं नाही, वापरनाऱ्याचं तोंड पाहा," असं त्यांचं म्हणणं. फैजपूरला आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहत. केळीचा मळा होता, घरात सगळं होतं, फक्त बोलायला माणूस नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक नितीन पुण्याला, शेअर बाजाराच्या कुठल्याशा कंपनीत.

एका दिवाळीत हा नितीन लॅपटॉप घेऊन आला आणि दोन दिवसांत परत निघाला. दारात म्हणाला, "नाना, एका स्क्रीनवर नाही जमत हो. चार लागतात. इथे तसा सेटअप असता तर महिना महिना राहिलो असतो." निघताना काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, हे मला माझ्या ओट्यावरून कळलं. नानांना कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी तो शब्द धरून ठेवला. मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून आठवड्याच्या आत ते माझ्या दारात उभे. "मॅडम, जळगावले चला. मले चार पडदे घ्यायचे हाये."

जळगावच्या दुकानदारानं रंगीत दिव्यांचा, गेम खेळणाऱ्यांसाठीचा कॉम्प्युटर पुढे केला. मी म्हटलं, दिवे नकोत. वेगवान प्रोसेसर, भरपूर रॅम आणि चार मॉनिटर जोडता येतील असं ग्राफिक्स कार्ड, एवढं बघा. "म्हंजे एका हौदाले चार तोट्या," नाना म्हणाले, आणि मग त्यांच्या चौकशा सुरू झाल्या. पंख्याचा आवाज किती? आपल्याकडचं ऊन हे सोसेल का? वीज गेली तरी सगळं चालू ठेवणारा यूपीएस त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा घेतला. इंटरनेटच्याही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाईन घ्यायच्या ठरवल्या. मी म्हटलं, "नाना, एवढं कशाला?"

"मधात बंद पडलं तं तो म्हनीन, याच्याचसाठी येत नव्हतो. त्याले नाही म्हनाले जागाच ठेवाची नाही."

मुलाची एकेक सबब हा माणूस बुजवत होता. मला मघापासून हसू येत होतं, ते विरलं.

मॉनिटर बसवायला माणूस आला. त्यानं दोनावर दोन असे लावले. नाना खुर्चीत बसले, वर बघितलं आणि उठून आत गेले. नितीन त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. आतून गोधडी आणून त्यांनी तिची घडी खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसून नितीनएवढे झाले. "आता पाहा. वरचे अजून खाली घ्या. त्याची मान दुखते, लहानपनापासून." बसवणारा बिचारा मॉनिटर खालीवर करून घामाघूम झाला. शेवटी नानांची मान हलली, तेव्हा कुठे त्याला चहा मिळाला.

पुढच्या दिवाळीला नितीन आला. "भारीच की नाना!" म्हणत त्यानं फोटो काढला. बाजाराला सुट्टी होती, त्यामुळे खुर्चीत बसलासुद्धा नाही. पाडवा आटोपला आणि गेला. नंतर फोनवर दर वेळी एकच, "बघू."

नानांनी तक्रार केली नाही. रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी ते चारही पडदे चालू करत. खुर्ची पुसून मोकळी ठेवत आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसत. मी लावून दिलेल्या पानावर बाजाराचे आकडे हिरवे-लाल होत राहत, त्यातलं त्यांना काही कळत नसे. मी विचारलं तर म्हणाले, "मोटर पडून राह्यली की जाम होते. तो आला आन् चालू नाही झालं तं?"

वैशाखात नाना झोपेतच गेले.

नितीन आला. त्याला पूर्ण रजा मिळाली नव्हती, म्हणून सुतकाच्या दिवसांतच तो त्या खुर्चीत बसून काम करू लागला. अंगणात नातेवाईक कुजबुजत. मलाही त्याचा राग आला, खरं सांगते. बाप होता तोवर तासभर बसला नाहीस, आणि आता? सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भाकरी घेऊन गेले होते. ताट जरा आपटूनच ठेवलं. त्यानं वळून बघितलं. डोळे सुजलेले होते.

"मॅडम, पुण्याला दुपारपर्यंत माझी मान धरते. इथे इतके दिवस बसतोय, काही दुखत नाही. हे इतकं बरोबर कुणी लावलं?"

गोधडी अजून घडी करून खुर्चीमागे होती. ती उचलून मी त्याला सगळं सांगितलं, तिच्यावर बसून नाना कसे त्याच्याएवढे झाले होते ते, आणि रोज खुर्ची मोकळी ठेवून स्टुलावर बसत तेही. त्यानं ती गोधडी मांडीवर घेतली. माझा राग कधी गेला, मला कळलं नाही.

तेवढ्यात वीज गेली. डोक्यावरचा पंखा थांबला. चारही पडदे तसेच चालू राहिले, आणि नितीन त्यांच्याकडे न बघता शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसला.