अमेरिकेचा घरमालक

अमेरिकेचं सरकार आपला भाडेकरू आहे, हे आलापाती भेटेल त्याला सांगायचा. ऐकणारा हसला की त्याला जास्तच चेव यायचा, कारण गोष्ट शंभर टक्के खरी होती. तिकडे मुख्य भूमीवर राष्ट्रीय उद्यानांचे डोंगर नि जंगलं सरकारच्याच मालकीची असतात म्हणे. अमेरिकेच्याच ताब्यातल्या, पण हजारो मैल दूर दक्षिण समुद्रातल्या तुतुइला बेटावर तसं चालत नाही. इथे जमीन घराण्याची, आणि घराण्याची जमीन विकायची सोय नाही. जेव्हा सरकारला इथे उद्यान करायची इच्छा झाली, त्या वेळी सरकार गावोगावच्या प्रमुखांपुढे चटईवर मांडी घालून बसलं आणि पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने डोंगर मागून घेऊन गेलं. विषुववृत्ताच्या खाली त्यांचं हे एकच उद्यान.

"बरे भाडेकरू आहेत," आलापाती म्हणायचा. "आवाज करत नाहीत, रात्री-अपरात्री येत नाहीत. फक्त पाट्या फार लावतात."

फागाउली गावातून उद्यानाची पायवाट कड्यावर चढते, ती नेमकी आलापातीच्या दारावरून. दारावरून म्हणायचं एवढंच. घराला दार नाही आणि भिंतीही नाहीत. दगडी जोतं, गोल उभे खांब, वर छप्पर. वाटेने जाणाऱ्याला आतली चटई, चटईवरची केळीची पानं आणि पानांवरची वाफ सगळं दिसतं. आलापातीलाही वाटेने जाणारा दिसतो. तिथेच सगळा घोटाळा व्हायचा.

बेटावरची रीत अशी, की जेवायला बसलेल्या माणसाने रस्त्याने जाणाऱ्याला "या, जेवायला या!" अशी हाक द्यायची, आणि जाणाऱ्याने "भरून पावलो" म्हणून पुढे जायचं. हाकेत वजन किती असतं हे दोघांनाही ठाऊक असतं. बोटीवरून येणाऱ्या पर्यटकांना हे कोण सांगणार? ते यायचे. आणि आलापातीची हाक तोंडदेखली नव्हती. तापलेल्या दगडांच्या भट्टीतून काढलेले अळूचे कंद, नारळाच्या दाट दुधात बांधलेली अळूची पानं, म्हणजे पालुसामी, भाजलेला नीरफणस, केळीच्या पानातला मासा. वर वाटीभर कोको. एवढं झाल्यावर कडा चढायला माणूस उठतो कशाला? कड्यावरून दिसणाऱ्या समुद्राची ख्याती जगभर असेल, पण पुष्कळ जण आलापातीच्या चटईवरून दिसणारं छप्परच पाहून परत गेले, आणि तक्रार मात्र एकानेही केली नाही.

त्याची पुतणी फिलेमू उद्यानात रेंजर होती. एकदा ओहायोचं एक जोडपं दुपार टळली तरी वाटेवरून खाली आलं नाही, म्हणून तिने सगळी दरी पालथी घातली. शेवटी ती दोघं काकाच्या घरात डाराडूर झोपलेली सापडली. काका शेजारी बसून पंख्याने त्यांच्यावरच्या माशा वारत होता.

"काका! ह्यांना मी कड्याखाली शोधत होते!"

"हळू बोल, उठतील. कड्याखाली सापडली असती ते बरं, की इथे सापडली ते?"

"ती माथ्यावर जायला आली होती."

"माथा कुठे पळून चाललाय?"

"पाटी वाचली नाहीत का? उद्यानात कोणाला खायला घालू नका."

"वाचली. ती प्राण्यांबद्दल आहे. माझे नीरफणस वटवाघळं भर दुपारी येऊन खातात. मी घालत नाही, ती घेतात. त्यांना जाऊन पाटी दाखव."

फिलेमू या नावाचा अर्थ शांत असा होतो. नाव ठेवताना आईबापांनी काकाचा विचार केला नसावा.

पुढे मुख्य भूमीवरून हॅलोरन नावाचे नवे साहेब आले. सडपातळ, सालस, फार विचारी. माणसं माथ्यावर पोचत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी ठरवलं की पायवाट आलापातीच्या घराच्या थोडी वरून, डोंगराच्या पाठीमागून न्यायची. पण वाट हलवायला जमीनमालकाची, म्हणजे घराण्याचा प्रमुख म्हणून आलापातीची, परवानगी हवी. म्हणून साहेब रीतसर गावसभेत आले, दुखऱ्या गुडघ्यांवर मांडी घालून बसले आणि अदबीने म्हणाले, "चीफ, वाट वळवायला आपली हरकत नाही ना?"

"हरकत कसली! खुशाल वळवा," आलापाती म्हणाला.

घरी येऊन बसल्यावर त्याला कळलं, की आपण काय करून बसलो.

"तुम्ही हो म्हणालात?" फिलेमूने कपाळाला हात लावला. "सबंध अमेरिकेत सरकारला नाही म्हणायचा हक्क असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तो हक्क तुम्हाला मिळाला, आणि तुम्ही हो म्हणालात?"

"तो पाहुणा होता ग. गुडघे दुखत होते त्याचे. अशा माणसाला नाही म्हणायचं?"

"मग आता जाऊन सांगा, की नाही."

"दिलेला शब्द परत घ्यायचा? त्यापेक्षा मी कड्यावरून उडी मारीन."

"त्याच्यासाठी वर चढावं लागेल. तेवढं तुम्ही कधी चढलाय?"

समोर अंगणात त्याच्या बायकोची, सीनालेची, पांढरी समाधी होती. आलापाती तिकडे बघत राहिला. दोन मुलगे फौजेत, टेक्सासात. मुलगी अलास्कात, बर्फात. गावात ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची भट्टी. वाट वळली की या खांबांसमोरून जाणार कोण? एकट्या माणसाने स्वतःपुरते दगड तापवायचे म्हणजे बेटावर लाज. लोक म्हणतात, याच्या घरी खाणारं कोणी उरलं नाही. आणि खरं असलं की ते जास्तच लागतं.

फिलेमूलाही ते दिसत होतं. म्हणून ती जरा नरमली. "हे बघा काका. उद्या साहेब शेवटचं एकदा जुन्या वाटेने माथ्यावर जाणार आहेत. येताना नव्या वाटेचे खुंट ठोकणार. माणसं वर पोचत नाहीत हीच तक्रार ना? मग ते पोचू देत. पोचले, तर मी काहीतरी बोलून बघते. पण तुम्ही हाक मारायची नाही. शब्द द्या."

"दिला. त्यांच्याशी अवाक्षर बोलणार नाही."

सकाळी ती साहेबांना घेऊन आली, तर घरामागून भट्टीचा धूर निघत होता.

"हे कशाला?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"दगडांना सवय आहे," आलापाती म्हणाला. "आजारी पडतील."

साहेबांच्या कानावर या घराची कीर्ती गेली होती. वाटेत ते रेंगाळले, चटईकडे पाहून हसले, टोपीही काढली. आलापातीने तोंड खांबाकडे फिरवलं. जन्मात त्याने कोणाचा एवढा अपमान केला नव्हता.

"चीफ माझ्यावर रागावलेत का?" चढ लागल्यावर साहेबांनी विचारलं.

"छे हो. दाढ दुखतेय त्यांची."

दोघं माथ्यावर पोचली. पण साहेबांच्या गुडघ्यांनी उतरताना दगा दिला. खुंट ठोकून होईपर्यंत सूर्य टेकला, आणि ती घरापाशी आली न आली तोच गावातल्या झाडाला टांगलेलं रिकामं गॅसचं नळकांडं ठणठणलं. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. या वेळेला फागाउलीत राष्ट्राध्यक्षसुद्धा रस्त्याने चालू शकत नाही. लुंग्या नेसलेले गावचे धिप्पाड तरुण वाट अडवून उभे राहिले. फिलेमूने साहेबांची बाही ओढली आणि दोघं जवळचंच जोतं होतं त्याच्या कडेला बसली. जोतं कोणाचं, ते सांगायला नको.

दुसरे ठोके पडले. आत आलापाती डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागला. आभार मानले, पापांची क्षमा मागितली, मुलांची नावं घेतली. मग जरा थांबला, घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवाशी इंग्रजीत बोलायला लागला.

"हे परमेश्वरा, तू सर्व काही पाहतोस. माझ्या जोत्यावर एक मनुष्य बसला आहे, तोही तुला दिसत असेलच. हे डोंगर चढणारे खिशात बाळगतात ती पुठ्ठ्यासारखी वडी सोडली तर सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही. मी त्याला बोलावू शकत नाही, कारण मी शब्द दिला आहे. कोणाला, ते तुला ठाऊक आहे. तिला सुबुद्धी दे. प्रभू, मासा केळीच्या पानात आहे, आणि तुझ्या कृपेने अजून गरम आहे. पालुसामीचं दूध आजच्यासारखं दाट कधी झालं नव्हतं. जे मला सांगता येत नाही ते तू त्याला सांग. पण फार उशीर करू नकोस, कारण निवलेला मासा तुलाही आवडायचा नाही. आमेन."

फिलेमूचा चेहरा लालबुंद झाला होता. पण शेवटचे ठोके पडेपर्यंत ब्र काढायची सोय नव्हती. शेजारी साहेबांची मान खाली होती; डोळे मात्र मासा हा शब्द आल्यापासून उघडे होते. "आमेन," ते म्हणाले, गावातल्या कोणाहीपेक्षा मोठ्याने.

ठोके पडले, आणि कोणी न बोलावता ते उठून आत गेले. मग त्यांनी असा काही आडवा हात मारला, की आलापातीची दिवसभराची दाढदुखी पार पळाली. फिलेमूही बसली. रागावलेल्या माणसालाही भूक लागतेच.

"तुमच्यापैकी कोणी जेवायचं राहिलंय का?" उरलेल्या ढिगाकडे बघत साहेबांनी विचारलं.

"छे, जेवले सगळे," आलापाती म्हणाला. "कोणी टेक्सासात जेवलं, कोणी अलास्कात. माझीच पंगत तेवढी लांबलचक आहे."

साहेब कोकोची वाटी हातात धरून बराच वेळ समाधीकडे बघत बसले. निघायची वेळ झाली तेव्हा पुन्हा त्यांनी कशीबशी मांडी घातली.

"चीफ, आणखी एक मागणं आहे. वाट आहे तिथेच ठेवायला आपली हरकत नाही ना?"

आलापातीने मोठा उसासा सोडला. कुंपणातलं शेवटचं डुक्कर कोणी मागावं तसा चेहरा केला. "तुम्ही पाहुणे. तुम्हाला नाही कसं म्हणू? राहू द्या."

दुसऱ्या दिवशी फिलेमू खुंट उपटायला गेली, तर एकही जागेवर नव्हता. घरामागे भट्टी पेटली होती, आणि दगडांखाली टोकदार लाकडं छान तडतडत होती.

"काका, ती सरकारी लाकडं आहेत!"

"पोरी, भाडेकरूने जागेत सामान टाकून दिलं, तर ते मालकाचं," आलापाती म्हणाला, आणि वाटेकडे वळून ओरडला, "या, या! जेवायला या!"