वगळलेली म्हातारी

माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा मी फार्मसीत एका गृहस्थांना मूळव्याधीचं मलम कसं लावायचं ते समजावून सांगत होते. माझ्यावर संकटं येतात ती अशाच मुहूर्तावर. इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आणि डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. एक, आठवडाभर मान खाली. जेवताना, झोपताना, टीव्ही ऐकताना, सदैव खाली. दोन, बुडबुडा पूर्ण जिरेपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही. उंचावर गॅस फुगतो आणि डोळा जातो.

मालिशवाल्यांकडे असते तशी भोकाची खुर्ची आम्ही भाड्याने आणली. त्या भोकात तोंड घालून मी बसायचे. जगातलं मला फक्त कार्पेट दिसायचं आणि अधूनमधून नवऱ्याच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. पन्नाशी उलटलेली, दोन किलो कांदे एका बैठकीत चिरणारी बाई मी, आणि मला नळी लावून चहा पाजत होते.

टौरंगाहून मुलीने फोनवर ऐकायची पुस्तकं लावून दिली. पण ती वाचणारी बाई 'आपले पट्टे बांधा' अशा आवाजात खुनाचं वर्णन करत होती. तेव्हा नवरा म्हणाला, "मी वाचतो." लायब्ररीतून आणलेली एक जाडजूड कादंबरी पडलेली होतीच. काही शतकांपूर्वीची इटली, डोंगरावरचा वाडा, त्याची जुनी बाग, आणि बागेतल्या तळ्यात माळ्याचं प्रेत. माझ्या अगदी आवडीची. नवरा दुधाच्या पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. इंग्रजी मोठ्याने वाचायला लागला की बॉयलरच्या सूचना वाचल्यासारखं वाटतं. म्हणून मी म्हटलं, तू मनात वाच आणि मला मराठीत सांग.

ही माझी चूक. पण तेव्हा काय माहीत!

सांगायचा मात्र झकास. "तर मंडळी, बाग म्हणजे आपल्या हॅमिल्टनमधल्या इटालियन बागेसारखीच, पण दहापट." ती बाग मला पाठ आहे. येईल त्या पाहुण्याला आम्ही तिथे नेतो. आई आली होती तेव्हा कातरलेल्या कुंपणांमधून फिरून म्हणाली होती, "एवढी मोठी बाग आणि मोगरा नाही? उपयोग काय?"

तर नवऱ्याने माळ्याच्या प्रेताचं माशांनी काय केलं ते तपशीलवार सांगितलं. पाद्र्याला विष घातलं तेव्हा तर घशातून आवाज काढून दाखवले. मी भोकातून हसत होते आणि हसताना बुडबुडा हलत होता.

आई पुण्यात भावाकडे असते. तिचा सकाळचा चहा झाला की माझ्या जेवणाच्या सुट्टीत आमचा फोन, हे वर्षानुवर्षांचं. ऑपरेशनचं आईला सांगायचं नाही असं भावाने ठरवलं. मी कुरकुरले, पण भूल उतरत होती. मग भाऊ म्हणाला, आईचा फोन बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय. मी विश्वास ठेवला. रहस्यकथा वाचण्यात हयात घालवलेली मी, 'फोन बिघडलाय' यावर विश्वास ठेवला! घरात आणखी एकही फोन नाही का, असा प्रश्न मला पडला नाही.

कादंबरीत वाड्याची म्हातारी मालकीण अंथरुणाला खिळलेली होती. कारंज्यांचं पाणी जिथून सोडतात त्या तळघराची किल्ली तिच्या गळ्यात. जीव असेपर्यंत ही किल्ली गळ्यातून निघणार नाही, असं तिने लेकीला सांगितलेलं. आणि एके दुपारी नवरा म्हणाला, "मग लेकीने किल्लीने तळघर उघडलं."

"थांब. किल्ली आली कुठून?"

"आईने दिली."

"जीव असेपर्यंत देणार नव्हती ना?"

"मन बदललं तिचं."

"कधी? कुठल्या पानावर?"

"अगं, बदलतं माणसाचं मन. पुढे ऐक ना, तळघरात काय सापडतं..."

"पाच मिनिटांपूर्वी तू दोन पानं एकदम उलटलीस. मला आवाज आला."

जँडल्स दोन पावलं मागे सरकल्या.

म्हातारी मेली होती. दुसरा अर्थच निघत नव्हता. अंथरुणात, साधं म्हातारपणाचं मरण, लेक उशाशी. पण ज्या माणसाने मला माशांनी कुरतडलेला माळी चहासोबत वाढला, त्याने हे एवढंसं मरण का गाळावं? खून सांगता येतात आणि आईचं मरण सांगता येत नाही?

मी कार्पेटला विचारलं, "आईला काय झालंय?"

"कुणाच्या?"

तो 'कुणाच्या' ऐकला आणि मी म्हटलं, "माझ्या. सांग."

माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आईला पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं. ती हॉस्पिटलात होती आणि शुद्धीवर आल्यापासून रोज माझ्याशी बोलायचं म्हणत होती.

"आणि तिला काय सांगता?"

"की... तुझा फोन बिघडलाय."

मी किंचाळले. भोकात तोंड घालून किंचाळलं की आवाज आपल्याच तोंडावर परत येतो. पण मी थांबले नाही. फार्मसीत आपली देशी माणसं येतात, हळूच सांगतात, "आजोबांना बोलू नका हं, बीपीची गोळी आम्ही व्हिटॅमिन म्हणून देतोय." मी त्यांना लेक्चर देते. आणि माझ्याच घरात मला व्हिटॅमिन दिलं होतं!

मुलगी स्पीकरवर आली. तिलाही माहीत होतं. "मम, यू वर ऑलरेडी स्ट्रेस्ड. वी वर गोइंग टु टेल यू, प्रॉमिस."

"कधी? तेराव्याला?"

मग भाऊ, हॉस्पिटलातून. "ताई, तू आधी शांत हो. तुला विमानात बसता येत नाही. सांगून काय उपयोग होता? तू नुसती रडली असतीस, डोळा गेला असता."

"विमानात बसता येत नाही रे, पण कान आहेत ना मला? तोंड आहे ना? तिलाही आहे ना? तू कोण ठरवणारा आम्ही बोलायचं की नाही ते?"

"दगदग होईल तिला."

"फोन तिच्यासमोर धर. आत्ता. नाहीतर मी मान वर करून उभी राहते, मग डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

धमकी खोटी होती. इतकी वर्षं औषधं विकते, मान वर करायची हिंमत नव्हती. पण घाबरायचे ते घाबरले. नवऱ्याने फोन खुर्चीखाली कार्पेटवर ठेवला. आई दिसली. तोंड एका बाजूला ओघळलेलं, केस कुणीतरी भलताच भांग पाडून विंचरलेले. तिला वरून लोंबणारा माझा सुजका चेहरा दिसला असणार.

"फोन..." ती म्हणाली. "झाला... दुरुस्त?"

"बिघडलाच नव्हता आई. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तुला कळू द्यायचं नाही म्हणून हे सगळे खोटं बोलत होते. आणि तुझं मला कळू दिलं नाही."

मागून भाऊ ओरडला, "ताई!"

 आईने डोळे वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाढव." स्वच्छ, न अडखळता.

त्यानंतर रोज बोललो. ती चार शब्द बोलायची, मी चाळीस. आठवड्याने माझी मान वर आली. बुडबुडा मात्र हटेना, नजरेच्या तळाशी डुचमळत राहिला. डॉक्टरीणबाईंना मी दर खेपेला विचारायचे आणि त्या दर खेपेला नाही म्हणायच्या.

बुडबुडा मसुराएवढा उरला होता तेव्हा दुपारी भावाचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडत असणार.

"ताई, तू रागावू नकोस, पण..."

"रागावणारच आहे. सांग."

"आई गेली. आत्ताच. अजून कुणालाही सांगितलेलं नाही."

मी रागावले नाही त्या वेळी.

लोक म्हणतात, शेवटचं बोलणं तरी झालं ना, समाधान मान. मानते. पण त्या पहिल्या दिवसांत तिकडे ती मला हाका मारत होती आणि इकडे मी इटलीतल्या माळ्याचा खुनी कोण याचे अंदाज बांधत हसत होते. ते दिवस आमच्या दोघींचे होते. ते या प्रेमळ माणसांनी परस्पर वापरून टाकले. नवरा म्हणतो, "तुझ्या डोळ्यासाठीच केलं गं." खरं आहे, डोळा वाचला. मी त्याला जेवायला वाढते, त्याच्या विनोदांना हसते, भावाला राखी पाठवते. माफ मात्र दोघांनाही केलेलं नाही, आणि हे त्या दोघांना मी सांगून ठेवलंय.