कुणालाही हाक न मारणारी मावशी

रेवदंड्याच्या बाजारात आई एका कोळीण मावशीकडून मासळी घ्यायची. भाव ऐकून गिऱ्हाईक पाठ फिरवायचं तेव्हा बाकीच्या कोळणी "ये गो, ये" म्हणून हाका मारायच्या. मावशी मात्र कोयता धुवत बसायची. "जानारा जाव दे," एवढंच म्हणायची. "कसला मेला ताठा!" म्हणत आई पुन्हा तिच्याकडेच जायची, कारण मासळी ताजी असायची.

मी चौथीत असताना शाळेत पालकांची समिती झाली, तिच्यात मावशीही होती. तपासणीला आलेल्या साहेबांकडे समितीने मुलींसाठी पाचवीचा वर्ग मागितला. "हे ठरवणं पालकांचं काम नव्हे," म्हणून साहेब उठले आणि टांग्यात जाऊन बसले. मावशी तेवढी धावली आणि तिने घोड्याचा लगाम धरला.

"ओ सायेब, माघारी या! आमचा आयकून तरी जावा!"

साहेब माघारी आले. जूनमध्ये मुलींची पाचवी सुरू झाली.

आता मी त्याच शाळेत शिकवते. मावशी बाजारात अजूनही कुणाला हाक मारत नाही. तिला मुलगी नव्हती. एक मुलगा होता, आणि मुलग्यांची पाचवी तर आधीपासूनच होती.